त्या दुपारी गाडी वाकली नाही

आधी त्या मुलीचं सांगतो, मग गाडीचं. क्रम उलटा वाटेल, पण माझ्या मनात तो असाच आहे.

ती आमच्या भंडाऱ्याकडची. पुण्यात संगणकाच्या कंपनीत लागलेली, बिबवेवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. वयानं माझ्या मुलीएवढी, पण मी तिला ताईच म्हणायचो. बुद्धपौर्णिमेला विहारात मी खीर वाढत होतो. "अजून घेता का जी?" असं तिला विचारलं, तर तिनं चमकून वर पाहिलं. म्हणाली, "काका, तुम्ही आमच्याकडचे का?" पुण्यात माझी अर्धी नोकरी झाली होती, पण असं कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून ती आमच्या घरची झाली.

मी सातवी शिकून शाळा सोडली. वडील धानाच्या गिरणीत पोती वाहायचे, त्यांची पाठ गेली आणि माझं दप्तर गेलं. त्या काळी सातवी पासवर पोलिसात भरती होई, तसा झालो आणि वैनगंगेच्या काठावरून थेट पुण्यात येऊन पडलो. इथली माणसं शुद्ध बोलतात. तुमचं काही चुकलं तर रागावत नाहीत, नुसतं पाहतात. त्या पाहण्याची मला नोकरीभर धास्ती होती. इंग्रजी कागद समोर आला की तळहाताला घाम यायचा. पुढं खात्याच्या परीक्षा देत मी फौजदार होऊन निवृत्त झालो, पण ही गोष्ट घडली तेव्हा मी हवालदार होतो, तपास पथकात.

तेव्हा पुण्यात परदेशी गाड्यांची काचेची दालनं नवी नवी उघडत होती, गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. आमचं ठाणं मात्र जुनंच होतं, शहराच्या दक्षिण टोकाला, कात्रजच्या अलीकडे.

एका सकाळी हजेरी चालू असताना दाराशी रिक्षा थांबली आणि एक वयस्कर बाई उतरल्या. डोक्यावरून पदर, नजर जमिनीकडे. एका जुन्या संस्थानिक घराण्यातल्या त्या सून. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा बंगला होता, तिथं त्या, त्यांचा कारभारी आणि म्हातारा ड्रायव्हर, एवढीच माणसं उरली होती. सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. पोलीस ठाण्याची पायरी त्या आयुष्यात पहिल्यांदा चढत होत्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या.

"आमचे ड्रायव्हर परवा संध्याकाळपासून नाहीत," त्या म्हणाल्या.

ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, "गावी गेले असतील. वय काय?"

"माझ्याहून मोठे आहेत. त्यांना गाव उरलेलं नाही."

"बंगल्यातून काही गेलंय का? दागिना, वस्तू?"

"काही गेलेलं नाही. मला वस्तू नकोच आहे. माणूस हवा आहे." मग त्या म्हणाल्या, "ते गाडीत आहेत."

साहेबांचं पेन थांबलं. "गाडीत आहेत? मग सापडलेच की."

"दिसत नाहीत. पण आहेत. काल दुपारी मी गाडीत बसले तर त्यांनी मला उत्तर दिलं. आणि गाडी वाकली नाही."

खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांनी बाईंसाठी चहा मागवला. म्हातारं माणूस भलतंच बोलू लागलं की ठाण्यात चहा मागवतात. हरवल्याची नोंद झाली, स्टेशन डायरीत दोन ओळी पडल्या, आणि साहेब, मी, एक शिपाई असे जीपमधून बंगल्यावर गेलो.

बंगल्याच्या मागं दगडी मोटारखाना होता. दार उघडलं तसा गारवा अंगावर आला. आतमध्ये एकच गाडी. खाकी कॅनव्हासचं झाकण तिच्यावर पार जमिनीपर्यंत सोडलेलं, त्यामुळे चाकंसुद्धा दिसत नव्हती. नुसता आकार. पुढं लांब नाक, मागं उंच पेटीसारखा डबा. छताच्या तुळईला जुनी चेनपुली टांगलेली होती आणि वारा नसतानाही तिची साखळी किंचित हलत होती. मी शिपायाकडे पाहिलं. तो साखळीकडेच पाहत होता.

ही गाडी विलायतेतल्या एका फार नामांकित कंपनीची. राजेमहाराजे जिच्यासाठी वाट बघत, त्यांतली. बाईसाहेबांच्या सासऱ्यांनी ती पडद्याची गाडी म्हणून घेतली होती. मागच्या खिडक्यांना काळ्या काचा आणि आतून पडदे. ड्रायव्हर आणि मागची बैठक यांच्यामध्येही काळी काच. बाईसाहेब लग्न होऊन आल्या त्या याच गाडीतून. घराण्याचा नियम असा, की या गाडीच्या मागच्या बाजूला पुरुषानं जायचं नाही, झाकणाला हात लावायचा नाही. आणि पुढची बाजू ड्रायव्हरची, तिकडं बाईंनी जायचं नाही. संस्थान गेलं, पडदा गेला, नियम तेवढा राहिला होता.

बोलायचं कसं, तर नळीतून. मागच्या बैठकीपासून ड्रायव्हरच्या कानापर्यंत एक नळी होती. बाईसाहेबांनी आधी नळीत फुंकर मारायची. ड्रायव्हरनं फुंकरीनं उत्तर द्यायचं, म्हणजे ऐकतोय. मग हुकूम सांगायचा. आता गाडी फारशी कुठं जात नसे, तरी रोज जेवणानंतर बाईसाहेब मागच्या दारानं झाकणाखाली शिरून गाडीत बसत आणि ड्रायव्हर पुढं बसे. दोन फुंकरा, चार शब्द, मग उठायचं.

"काल ते नव्हते म्हणून मी नुसतीच बसले," बाईसाहेब मला सांगू लागल्या. साहेब तोवर बाहेर गेले होते. "सवयीनं फुंकर मारली. पुढून फुंकर आली. मी नाव घेऊन हाक मारली तर शब्द नाही. पुन्हा फुंकर मारली. पुन्हा आली."

मी विचारलं, "आणि गाडी वाकली नाही, म्हणजे?"

"पायरीवर पाय ठेवला की ती जरा वाकायची. आल्याची दखल घ्यायची. काल घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवावा तशी लागली. गाडीनं मला ओळखलं नाही."

बाहेर साहेब कारभाऱ्याशी बोलत होते. पन्नाशीचा, इस्त्रीचा सदरा, चष्मा दोरीला. त्याच्या खोलीत भिंतभर ढाली आणि फोटो. भागातल्या गणेश मंडळाचा तो जुना कार्यकर्ता, देखाव्यात त्याचा हात कुणी धरत नसे. बांबू आणि कापडातून त्यानं किल्ले उभे केले होते, विमान उभं केलं होतं.

"आपण गाडी पाहिलीत ना?" तो साहेबांना विचारत होता. "जागेवर आहे. मग गुन्हा कसला? म्हातारा गेला असेल कुठं देवाला. सांगून जायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"झाकण काढून बघू एकदा," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तेच ते पुणेरी पाहणं. "हवालदारसाहेब, बाईसाहेबांच्या गाडीचं झाकण आम्ही कुणी काढत नाही. तुमच्याकडे चालत असेल."

साहेबांनी मला खुणेनं थांबवलं. पंचांसमक्ष पंचनामा झाला. मोटारखान्यात झाकलेल्या स्थितीत मोटार उभी, असा त्यात उल्लेख आला. दोन्ही पंच झाकणापासून चार हात लांब उभे होते. आम्ही सगळेच लांब उभे होतो. अदब म्हणून.

दुपारी ठाण्यात एक दूधवाला आला. घाटाच्या वरच्या अंगाच्या गावातला, मोटारसायकलला किटल्या लावून डेअरीला दूध घालणारा. गडी रांगडा, पण टोपी हातात चुरगाळत होता.

"साहेब, हसायचं नाय, असं आधी सांगा."

"बोल."

"परवा दिवस मावळताना म्या घाटात ती बंगल्याची गाडी बघितली. धुकं पडलं हुतं. आवाज न्हाई काय न्हाई, एकदम समोर आली. म्होरं ते लांब नाक, ते दिवं. मधी ड्रायव्हरबाबा, त्यांचा लाल फेटा म्या वळखतो. आन् मागं..."

"मागं काय?"

"मागं काय बी न्हाई. गाडीला अंगच न्हाई. म्होरं तोंड, मधी बाबा ताठ बसल्यालं, आन् मागं धुकं. म्या किटल्या तिथंच ठिवल्या आन् पळालो. बाबा गेलं, साहेब. जित्ता माणूस अशा गाडीत बसत न्हाई."

ठाणे अंमलदार हसून म्हणाला, "किटलीत काय होतं, दूधच ना?" सगळे हसले. मी हसलो नाही. सकाळपासून तीन गोष्टी कानांवर पडल्या होत्या. रिकाम्या गाडीतून फुंकर, न वाकणारी गाडी, आणि अंग नसलेली गाडी. मी देव-भूत मानायचं नाही असं शिकलेल्या घरातला. तरी खरं सांगतो, त्या दुपारी मी घाबरलो होतो.

कारभाऱ्याला चौकशीला बोलावलं. साहेबांनी मला समोर बसवलं. मी फार प्रश्न विचारले नाहीत. अशा माणसाला प्रश्न विचारले की तो उत्तरं सजवतो. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. माझा अनुभव असा, की ज्याच्या घरचं माणूस हरवलंय त्याचा चहा निवून जातो. यानं गरम गरम संपवला, बशी पुसून ठेवली.

"बाबांचा शेवटचा निरोप काय होता?" मी विचारलं.

"निरोप कसला? तो बोलायचा कमी."

"परवा दुपारी तुम्ही कुठं होता?"

"बाईसाहेबांना कीर्तनाला सोडलं, मग मंडळाच्या कामाला. चार लोक सांगतील. बोलवू?"

"नको. दूधवाला सांगतो की गाडी घाटात होती."

"हो? आणि इथंही होती. दोन ठिकाणी एक गाडी. अहो, मग पोलीस कशाला, मांत्रिकच बोलवा." तो उठला, आणि दाराशी जाऊन वळला. "झाकण कुणी काढणार नाही ना? बाईसाहेबांना फार लागेल हो. या वयात धक्का सहन व्हायचा नाही."

तासभर तो बसला होता. ड्रायव्हर सापडेल का, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. झाकणाचं मात्र सकाळपासून दुसऱ्यांदा बोलला. मी साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "झाकणाची काळजी केली म्हणून अटक करू? काहीतरी धरायला आणा."

जेवायला घरी निघालो तर वाटेत ताईची खोली. ती तेव्हा अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळी करायची, दिवसा घरी असे. बायकोनं तिच्यासाठी दिलेला डबा घेऊन मी दारात उभा राहिलो आणि तिनं तोंडाकडे पाहूनच विचारलं, "काका, काय झालं? तुम्ही घाबरले का?"

मी सगळं सांगितलं. नावं गाळून, पण सगळं. ती हसली नाही. डबा तसाच ठेवून म्हणाली, "कंपनीचं नाव सांगा."

"कशाला?"

"त्या कंपनीची साइट असेल ना. गाडी दोन ठिकाणी कशी असते ते आपल्याला कळत नाही, त्यांना कळत असेल. चला."

कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत आम्ही बसलो. पडद्यावर इंग्रजी अक्षरं एकेक ओळ करत उतरू लागली आणि मी नेहमीप्रमाणे भिंतीकडे पाहू लागलो. ताई वाचायची आणि आमच्या बोलीत सांगायची. कंपनीचा सगळा इतिहास तिथं होता. लहानशा कारखान्यापासून सुरुवात. इंजिन इतकं शांत, की चालू असताना माणूस बाजूला उभा असला तरी कळू नये, यावर त्यांचा सगळा दिमाख. युद्धात त्यांनी विमानांची इंजिनं केली. मग हिंदुस्थानातल्या संस्थानिकांसाठी खास गाड्या, शिकारीच्या, मिरवणुकीच्या, पडद्याच्या. आणि आता, म्हणजे त्याच काळात, कंपनीच विकली गेली होती. नाव एकाकडे गेलं आणि कारखाना दुसऱ्याकडे.

"नाव एकीकडे, धड दुसरीकडे," मी म्हणालो. "भूतच झालं की."

ताईचं त्याकडे लक्ष नव्हतं. ती एका जुन्या फोटोवर थांबली होती. मग हळूच म्हणाली, "काका, इकडे पाहा. घाबरू नका."

मी पाहिलं. फोटोत धुक्याच्या रस्त्यावर एक गाडी उभी होती. पुढं लांब नाक, दिवे. मधे एक माणूस ताठ बसलेला. मागं काही नाही.

"ही अशीच विकायचे ते," ताई म्हणाली. "सुरुवातीची कितीतरी वर्षं ही कंपनी अख्खी गाडी करतच नव्हती. फक्त चासी. चाकं, इंजिन, पुढचं बॉनेट, बस्स. वरचा डबा दुसऱ्या कारागिराकडून करून घ्यायचा. काही राजे तर एकाच चासीवर दोन डबे ठेवायचे, एक उघडा, एक बंद. हवा तो चढवायचा. कारखान्यातून गिऱ्हाइकाकडे चासी नेताना ड्रायव्हर असाच पाटावर बसून न्यायचा."

मला छताची चेनपुली आठवली. डबा चढवा-उतरवायला लावलेली. दूधवाल्यानं भूत पाहिलं नव्हतं. त्यानं गाडी पाहिली होती. मग मोटारखान्यात झाकणाखाली जे आहे, ते नुसता डबा. डब्याला पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, नाहीत, चाकं नाहीत, म्हणून पाय ठेवला तर तो वाकला नाही. पण मग पुढच्या लांब नाकाचा आकार कसला? त्याचं उत्तर कारभाऱ्याच्या भिंतीवर ढालींच्या रूपानं लागलेलं होतं.

एवढं जुळलं, पण एक जुळायचं राहिलं. चासी घेऊन बाबा घाटापार गेले असतील, तर बाईसाहेबांना उत्तर कोण देत होतं?

ताई माझ्याबरोबर उठली. "काका, माझं नाव कागदावर नका घालू. पोलिसांच्या भानगडीत आहे म्हटलं तर बाबा मला गावी परत नेतील. तुम्ही पळा."

मी साहेबांना फोन केला. ते येईपर्यंत थांबायला हवं होतं, पण मी रिक्षा करून बंगल्यावर पोचलो. ऊन कलतं झालं होतं. बाईसाहेब व्हरांड्यात बसल्या होत्या.

"बाईसाहेब, आज दुपारी गाडीत बसलात?"

"बसले."

"उत्तर आलं?"

"आलं. पण फार बारीक."

मी हात जोडले. "झाकण काढावं लागेल. आपण हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. पण आपण हो म्हणा."

त्या उठल्या, माझ्यापुढं चालत मोटारखान्यात गेल्या. साहेबांची जीप तेवढ्यात फाटकात आली होती. बाईसाहेबांनी गाडीच्या नाकाशी, त्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या त्या बाजूला जाऊन कॅनव्हासची कड दोन्ही हातांत धरली आणि ओढली.

पुढचं नाक बांबूच्या कामट्यांचं होतं. वर गोणपाट, खळ लावून ताठ केलेलं. इतकं बेमालूम, की झाकण निघाल्यावरही क्षणभर डोळा फसला. त्याच्या मागं पडद्याचा डबा दोन सागवानी तुळयांवर ठेवलेला. काळ्या काचांत आमचेच चेहरे. चाकं नव्हती, इंजिन नव्हतं. ड्रायव्हरच्या जागेखालच्या फळ्या निघालेल्या, आणि त्या भोकातून बोलायची नळी खाली अंधारात गेलेली.

"बाईसाहेब, मागं बसा," मी म्हणालो. "फुंकर मारा."

त्या आत शिरल्या. काळ्या काचेआड दिसेनाशा झाल्या. मी पुढं गुडघ्यांवर बसून कान लावला. साहेब आणि शिपाई माझ्यामागं ओणवले.

नळीत फुंकर गेल्याचा आवाज आला. मग काही नाही. साहेबांनी मान हलवली. बाईसाहेबांनी पुन्हा फुंकर मारली. आणि जमिनीखालून, माझ्या गुडघ्यांच्या खालून, कुणीतरी श्वास सोडावा तसं उत्तर आलं.

जुन्या मोटारखान्यांत गाडीच्या पोटाखाली उतरून काम करायला खड्डा असतो. त्यावर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर माती आणि पोती. आम्ही हातांनीच सगळं उपसलं. खाली ड्रायव्हरबाबा होते. मांडी मोडलेली, बरगड्या दबलेल्या, डोक्याला फेटा नाही. ओठ फाटलेले. भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्यावर ते जगले होते. फळ्यांच्या फटीतून आलेलं नळीचं तोंड त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. ते सोडवायला मला एकेक बोट उचलावं लागलं. हात गार होता, पण त्या हातानं माझं बोट धरलं.

कारभारी त्याच संध्याकाळी मंडळाच्या मांडवात सापडला. गाडी जागेवर नाही हे आम्हाला कळलंय म्हटल्यावर त्याची जीभ सरळ झाली. जुन्या गाड्यांचा एक दलाल त्याला भेटला होता. अशा गाड्या देशाबाहेर न्यायला बंदी, पण चासी सुटी करून यंत्राचे भाग म्हणून खोक्यांत घातली तर कोण ओळखतो. कीर्तनाच्या दुपारी दोघांनी चेनपुलीनं डबा उचलला. बोल्ट आधीच सैल करून ठेवले होते. बाबांना त्यानं बाहेरच्या कामाला धाडलं होतं, ते लवकर परतले आणि मधे पडले. झटापटीत खड्ड्यात गेले, हलेनात, म्हणून मेले असं समजून वर फळ्या टाकल्या. ओळखीच्या माणसांनी थांबवू नये म्हणून दलालानं त्यांचा फेटा घालून चासी घाटापार नेली, कारण बंगल्याच्या बोळात ट्रक वळत नव्हता.

"झाकण कुणी काढणार नाही, याची खात्री होती?" साहेबांनी विचारलं.

"होती की," कारभारी म्हणाला. "आपणही काढलं नाहीत."

वायरलेसवरून संदेश गेले. घाटापलीकडच्या एका गोदामात चासी मिळाली, खोक्यात घालायच्या तयारीत. पुढं दोघांनाही शिक्षा लागली.

बाबा सरकारी रुग्णालयात बरेच दिवस होते. बाईसाहेब त्यांना बघायला आल्या तेव्हा मी हजर होतो. वॉर्डाच्या दारात त्या थांबल्या आणि मला हळू आवाजात विचारलं, "यांतले आमचे कोणते?" उभ्या आयुष्यात त्यांनी त्या माणसाची मान पाहिली होती, फेटा पाहिला होता, आवाज ऐकला होता. समोरून चेहरा असा कधी पाहिलाच नव्हता. मी खाट दाखवली. बाबांनी त्यांना पाहून डोळे मिटून घेतले, सवयीनं. बाईसाहेब उभ्या राहिल्या, मग हाताची मूठ ओठांशी नेऊन त्यांनी हलकेच फुंकर मारली. खाटेवरून उत्तर आलं.

मी नंतर बाबांना विचारलं, ओरडला का नाहीत? ते म्हणाले, "पहिल्या दिवशी ओरडलो, मग छातीत जोर उरला नाही. पण फुंकर आली की उत्तर द्यायचं, एवढं शरीराला माहीत आहे."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते नव्या पोरांना मी ठाण्यात सांगत असे. अदबीनं झाकलेली वस्तू अदबीनंच उघडावी, पण उघडावी. चोराला कुलपापेक्षा आपली भीड जास्त उपयोगी पडते. आणि म्हातारं माणूस विचित्र बोललं की चहा मागवून मोकळं होऊ नका. गाडी वाकली नाही, असं बाईसाहेब पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. तिथं सगळा तपास होता. त्यांच्या भाषेत होता, आम्हाला तो आमच्या भाषेत हवा होता. दूधवाल्याचंही तसंच. त्यानं जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, आणि आम्ही त्याच्या किटलीवर हसलो.

मला बक्षीस मिळालं, प्रशस्तिपत्र मिळालं. ते घरात लागलं आहे. त्यावर ताईचं नाव नाही, तिच्याच सांगण्यावरून नाही. मी बाईसाहेबांना मात्र एकांतात सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या मुलीला घेऊन या. मागं बसायचा मान तिचा." गाडी तोवर पुन्हा जोडली होती, आणि पायरीवर पाय ठेवला की पूर्वीसारखी वाकत होती. पण ताई त्याआधीच कंपनीकडून अमेरिकेला गेली. सहा महिन्यांसाठी गेली होती, तिथलीच झाली. आता बाईसाहेब नाहीत, बाबाही नाहीत. गाडी घराण्यातल्या एका पुतण्याकडे आहे. मी त्यांना भेटून आलो. ते म्हणाले, कधीही या, काकीसाहेबांचा शब्द आहे.

ताईचं सणासुदीला पत्र येतं, फोन येतो. "काका, काही पाठवू का?" असं विचारते. मी नको म्हणतो. द्यायचं माझ्याकडून राहिलं आहे, तिच्याकडून नाही. त्या दुपारी तिनं डबा बाजूला ठेवून इंग्रजीची भिंत माझ्यासाठी ओलांडली नसती, तर त्या खड्ड्यातली फुंकर बारीक होत होत थांबली असती.

खरं सांगायचं तर त्या नळीची मला अजून भीती वाटते. एखाद्या शांत दुपारी कानाशी श्वास आल्यासारखा वाटतो आणि मी दचकून मागं पाहतो. तरी ताई, तू येशील तेव्हा मी तुला त्या गाडीपाशी नेईन. मागचं दार तुझ्यासाठी उघडेन आणि मी स्वतः पुढं बाबांच्या जागी बसेन. तू आत बस, पडदा ओढून घे, आणि नळीत फुंकर मार. मी उत्तर देईन.